वर्गणी मागायला कुणी आलं नाही (गावकी, वाळीत टाकणं आणि माफीचा नारळ)

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

गाव आमचं रायगड जिल्ह्यात, खाडीच्या काठाला. नाव सांगत नाही, का ते पुढे कळेलच. ७०-८० उंबरा, त्यातली निम्मी घरं गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलपात. मी डोंबिवलीत, आई-बाबा गावाला. बाबा ७२ चे, एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाले आणि दुसऱ्या महिन्यात गावी जाऊन राहिले, मुंबईत त्यांचा जीव कधी रमलाच नाही.

चार वर्षांपूर्वी ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. घरटी वर्गणी, मुंबईकर मंडळाची वेगळी, माहेरवाशिणींची वेगळी. कलश चढला, जेवणावळी उठल्या. मग गावकीच्या, म्हणजे गावाचा कारभार बघणाऱ्या मंडळींच्या, सभेत बाबांनी उभं राहून विचारलं, हिशेब कधी वाचणार. एवढंच. आरोप नाही की आवाज चढवला नाही, ज्या माणसाने ३० वर्षं रोज रात्री डेपोत सुट्ट्या पैशांसकट हिशेब दिलाय त्याला वाटलं की ही विचारायची गोष्ट आहे. पुढच्या सभेत परत विचारलं. तिसऱ्या सभेचं बोलावणंच आलं नाही.

वाळीत टाकल्याचा कागद येत नाही हो. आम्हाला कळलं ते असं की त्या वर्षी शिमग्याची वर्गणी मागायला कुणी आलं नाही. शेजारच्या घरापर्यंत पोरं आली, पावती फाडली, आणि आमचं अंगण टाकून पुढच्या घरी गेली. आई पैसे मुठीत घेऊन ओटीवर उभी. तिला वाटलं विसरले, म्हणून हाक मारली, तर त्यातला एक, ज्याला तिने मांडीवर खेळवलाय, मागे न बघता म्हणाला, "काकी, तुमचं नाय."

मग पालखी. आमच्याकडे शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे देवीच्या चौथऱ्यावर, बसते आणि मग घरोघर फिरते, घरातली बाई देवीची ओटी भरते, गुरव गाऱ्हाणं घालतो. त्या वर्षी पालखी आमच्या दारावरून गेली तेव्हा ढोल बंद केला होता. ढोल थांबला, पन्नासेक पावलं, आणि पुढच्या घराशी परत सुरू. मी तिथे होतो. ती शांतता मला अजून ऐकू येते, हसू नका पण खरंच येते.

बाकी यादी काय सांगू. गिरणीवाला म्हणतो गिरण बिघडलीय, आमच्यापुरती. सहा आसनी रिक्षा थांबत नाही. आमच्याशी जो बोलेल त्याला ५,००० दंड असं ठरलंय म्हणे, सभेत ठरलं, कुठे लिहिलेलं नाही. आत्या आमची त्याच गावात दिलीय, खालच्या वाडीत, पाच मिनिटांवर. गेली तीन वर्षं भाऊबीज तालुक्याच्या एसटी स्टँडवर होते. रसाच्या दुकानाच्या बाकावर ६८ वर्षांची बहीण ७२ वर्षांच्या भावाला ओवाळते, निरांजन वाऱ्याने विझतं म्हणून मोबाईलचा टॉर्च लावते, आणि दोघं वेगवेगळ्या गाडीने गावात परत जातात.

आता मूळ मुद्दा. गावात परत घ्यायला तयार आहेत. अटी: २५,००० रुपये दंड, देवीसमोर नारळ ठेवून "माझं चुकलं" म्हणायचं आणि सभेत पुन्हा प्रश्न करणार नाही असं कबूल करायचं. मला तक्रार करायचीय. बाबा आता दंड भरू म्हणतायत. म्हणतात, तू डोंबिवलीहून पोचेपर्यंत खांद्याला चार माणसं तरी लागतील ना. यावर काय बोलायचं?

पुणेरी_मिसळवाली

वाचून पोटात कालवलं. एसटी स्टँडवरची भाऊबीज... काही सुचत नाहीये लिहायला. काका-काकूंना नमस्कार सांग.

वकीलसाहेब_नाशिक

दंड भरायच्या आधी हे वाचा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये पास केला, राष्ट्रपतींची मंजुरी येऊन जुलै २०१७ पासून लागू. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी "कोर्टात जा" असं सांगून परत पाठवायचं नाही, नोंदवायचा. पण जामीनपात्र आहे, त्यामुळे पंच दुसऱ्या दिवशी गावात हिंडताना दिसले तर हाय खाऊ नका.

गावकी, जातपंचायत, मंडळ, नाव काहीही असो, नोंदणी असो नसो, सगळे त्यात येतात. देवळात किंवा धार्मिक कार्यक्रमात येऊ न देणं, लग्न-मयताला आडकाठी, दुकान-धंद्याचे व्यवहार तोडणं, बोलणं बंद करायला लावणं, हे सगळं बहिष्कारातच मोडतं. आणि ज्या सभेत हे ठरलं तिथे बसून हात वर करणारेही गुन्ह्यात येतात, नुसता अध्यक्ष नाही. हा कायदा येण्याआधी पोलीस बिचारे दंड संहितेतली १५३ अ वगैरे कलमं ओढूनताणून लावायचे आणि ती कोर्टात टिकायची नाहीत.

देशातला असा पहिला कायदा आहे हा.

दापोलीचा_आंबा

कायदा आहे हो, पण साक्षीदार कुठून आणणार? साक्ष देणारा त्याच गावचा, त्याचं घरही दुसऱ्या दिवशी वाळीत. आमच्या मुरुडला महर्षी कर्व्यांचं काय केलं ते बघा. १८९३ साली पुण्यात विधवेशी लग्न केलं, आणि इथे गावाने बैठक घेऊन ठरवलं की कर्वे ज्या बैठकीत येईल तिथे कुणी बसायचं नाही आणि घरच्यांनी त्याला घरात घ्यायचं नाही, घेतलं तर घरचेही बाहेर. लग्न कुणी केलं आणि टांगती तलवार कुणावर, तर आईवर आणि भावावर. आता तेच कर्वे भारतरत्न आणि आम्ही मुरुडकर पाहुण्यांना कौतुकाने सांगतो की आमच्या गावचे.

गावकर_१९६८

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितो, शिव्या घाला हवं तर. मी स्वतः आमच्या गावकीत आहे. गावकी म्हणजे फक्त दंड नाही. आमच्या गावात सरकारी पाणी २००४ ला आलं, त्याआधीची विहीर गावकीने खणली. मुंबईत कुणी गेला तर बॉडी गावाला आणायची गाडी मंडळ करतं, रात्री दोनला फोन आला तरी चाळीस माणसं उभी राहतात. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला आमच्याकडे पोलीस नाही, गावकी सरळ करते. शिस्त नको? प्रत्येकजण उठून कोर्टात गेला तर गाव उरेल का? धागाकर्त्याच्या गावाने जास्त केलं असेल, पण एका बाजूवरून न्याय करू नका. हिशेब विचारायची पण एक पद्धत असते.

पुणेरी_मिसळवाली

पद्धत असते म्हणजे काय हो काका? सभेत उभं राहून विचारलं. अजून कुठे विचारायचं, स्वप्नात येऊन?

खाडीपलीकडचा

गावकरकाका, शिव्या कशाला घालू, तुमचं पहिलं सगळं खरंय, आमच्याकडेही तसंच होतं. आजोबांना मुंबईहून आणलं तेव्हा हीच माणसं होती. म्हणून तर जास्त लागतं. ज्या हातांनी आजोबांना उचललं त्यांनीच आता हात काढून घेतलाय, आणि दुसरे हात आमच्याकडे नाहीत. गाव चांगलं नसतंच तर बाबा केव्हाच डोंबिवलीला आले असते. फक्त एक सांगा, तुमच्या गावकीत एखाद्याला वाळीत टाकायच्या आधी त्याला बोलावून विचारता का? किती दिवसांसाठी ते ठरवता का?

गावकर_१९६८

बोलावतो. बहुतेक वेळा.

दिवस नसतात. माफी मागेपर्यंत.

भेंडीबाजारकर

वकीलसाहेब, छोटी दुरुस्ती, पहिला नाही. बहिष्काराविरुद्ध कायदा याच मुंबई राज्यात १९४९ साली झाला होता, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना. तो कुणी पाडला ते मला चांगलं माहितीय कारण मी दाऊदी बोहरी आहे, म्हणजे शिया मुसलमानांतला एक पंथ. जन्म मुंबईचा, शाळा मराठी, म्हणून इथे असतो.

आमच्यात वाळीत टाकण्याला बरात म्हणतात. वयात आलं की प्रत्येकाने दाईंशी, म्हणजे पंथाच्या सर्वोच्च धर्मगुरूंशी, निष्ठेची शपथ घ्यायची, मिसाक. त्यानंतर निकाह लावायला त्यांची रझा, म्हणजे परवानगी, लागते, मयत दफन करायला रझा लागते. शपथ मोडली असं ठरलं की बरात. १९४९ चा कायदा आल्यावर तेव्हाचे ५१ वे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन कोर्टात गेले आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी १९६२ मध्ये चार विरुद्ध एक अशा मताने तो कायदा रद्द केला. बहुमत म्हणालं की धर्माच्या कारणावरून सभासदाला काढणं हा पंथाचा आपला कारभार चालवण्याचा हक्क आहे, राज्यघटनेचं कलम २६. एकटे सरन्यायाधीश सिन्हा दुसऱ्या बाजूला. त्यांचं म्हणणं होतं की काढलेल्या माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते आणि हा कायदा माणसाची प्रतिष्ठा राखायला आहे.

त्याच्याही आधी बऱ्हाणपूरच्या दर्ग्याचा खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत, गेला होता, स्वातंत्र्याच्या आसपास. तिथले जज म्हणाले की दाईंना काढायचा अधिकार आहे, पण मनाला येईल तसा नाही, आधी ताकीद द्या, पश्चात्तापाची संधी द्या, कारण चारचौघांत सांगा. आणि यातलं काही झालं नव्हतं म्हणून ती बरात त्यांनी धरली नाही. धागाकर्त्या दादांच्या गावकीला एवढं तरी लावून बघा. ताकीद? नाही. संधी? नाही. कारण? कारण सांगितलं तर हिशेब द्यावा लागेल.

वकीलसाहेब_नाशिक

भेंडीबाजारकर, बरोबर, दुरुस्ती मान्य. १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून १९८६ पासून अर्ज पडून आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांनी तो नऊ न्यायाधीशांकडे पाठवला. सुनावणीत हाही प्रश्न निघाला होता की २०१६ चा कायदा आल्यावर आता ऐकण्यासारखं काही उरलंय का. आमच्याकडे अशील म्हणतात साहेब तारीख लांबतेय, त्यांना मी हे उदाहरण देतो.

भेंडीबाजारकर

माझं सांगतो आणि थांबतो. माझ्या मामाने सुधारकांच्या एका सभेत नुसती हजेरी लावली होती, सत्तरच्या दशकात. तेव्हा उदयपूरला मोठं बंड झालं होतं, इकडे असगर अली इंजिनिअर लिहीत होते. ते स्वतः आमिलचे, म्हणजे दाईंनी नेमलेल्या गावच्या धर्मगुरूचे, चिरंजीव, वडील वर्ध्याला आमिल होते, आणि मुंबई महापालिकेत इंजिनिअर. १९७९ ला सुधारक बोहऱ्यांच्या तक्रारींवर न्या. नथवानींच्या चौकशीचा अहवाल आला, त्यात लोकांनी येऊन काय काय सांगितलंय ते वाचवत नाही. असो, मामा. मामाला बरात झाली नव्हतीच. कुणी काही जाहीर केलं नाही. फक्त त्याच्या दुकानात आपली गिऱ्हाईकं येईनात, आणि माझ्या आईला, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीला, सांगितलं गेलं की तुझ्या मुलीच्या निकाहला रझा हवी असेल तर विचार कर. आईने विचार केला. ती त्याच्याशी ११ वर्षं बोलली नाही. रोज त्याच्यासाठी दुवा मागायची पण बोलायची नाही.

तो गेला तेव्हा आपल्या कब्रस्तानात जागा मिळाली नाही, सुन्नी कब्रस्तानात दफन केला. आई गेटबाहेर टॅक्सीत बसून होती.

तिचा राग करता येत नाही मला. सगळे बोहरी असे असंही म्हणणार नाही, धंद्यात, अडीअडचणीत जमात जेवढी उभी राहते तेवढं कुणी राहत नाही, ते गावकरकाका म्हणतात तसंच आहे. पण म्हणूनच त्या काठीचा मार बसतो.

तिखट_गोड

आजी सांगायची ते ग्रामण्य हेच का? पुण्यातलं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण आठवलं. १८९० साली मिशनऱ्यांकडे चहा घेतला, कुणी प्याला, कुणी नुसता कप हातात धरला, आणि पेपरात नावं छापून आली. टिळक, रानडे सगळे त्यात. शंकराचार्यांपर्यंत गेलं. शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, स्वतःला पटत नसताना, बरोबरच्या लोकांच्या घरी लग्नकार्यं अडली होती म्हणून. मग काकांनी नारळ ठेवला तर काय बिघडलं? रानड्यांपेक्षा आपण मोठे का? २५,००० जातील, पण आत्या घरी येईल.

दापोलीचा_आंबा

चला, मराठी फोरम आहे आणि पंचहौद निघालं नाही असं कसं होईल :)

पण तिखटगोड, माफीने सुटका होते हे कुणी सांगितलं? परंपरेने सांगतात ती विठ्ठलपंतांची गोष्ट घ्या. संन्यास सोडून संसारात आले म्हणून ब्राह्मणांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. नवरा-बायकोने ते घेतलं, जीव दिला. आणि त्यानंतरही ज्ञानेश्वरादी भावंडांना सांगितलं की पैठणहून शुद्धिपत्र आणा. आता बोला.

तिखट_गोड

हं. हे लक्षात नव्हतं आलं.

पालावरची_पोर

मी भटक्या समाजातली, पहिली पिढी कॉलेजात गेलेली. तुमच्या गावकीत निदान रोख दंड असतो. आमच्याकडे पंच बसतात तेव्हा त्यांचा खर्चही आरोपीवरच, जेवण, दारू, येण्या-जाण्याचं भाडं, आणि पंच दोन दोन दिवस बसतात कारण खाणं चालू असतं. बाईचं म्हणणं तर बाई मांडतच नाही, तिच्या वतीने बाप नाहीतर भाऊ बोलतो. माझ्या मावशीने सासरच्या मारहाणीची पोलिसात तक्रार केली म्हणून ती नाही, माझ्या आजोबांचं घर बंद केलं, कारण आमची गोष्ट बाहेर नेली. त्या वर्षी माझ्या दोन मामांच्या सोयरिकी तुटल्या. मुलाकडच्यांनी कारण काय सांगितलं, तर काही नाही, पत्रिका.

२०१३ ला नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्या बापानेच जीव घेतला. त्यानंतर अंनिसने (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) जातपंचायतीला मूठमाती ही मोहीम काढली, दाभोलकर सर स्वतः फिरले, आणि त्याच ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांचा खून झाला. मोहीम थांबली नाही, म्हणून २०१६ चा कायदा आला. मी तेव्हा नववीत. आमच्या पालावर कार्यकर्ते आले होते, आजोबांनी त्यांना चहा पाजला नाही, भीतीने. ते कळून चुकून हसत निघून गेले, आणि मला एक पत्रक देऊन गेले. ते अजून आहे.

दादा, तुमच्या बाबांना सांगा की दंड भरला की ती पंचांची सवय होते. आजोबांनी तीनदा भरला.

गावकर_१९६८

आमच्यात असलं काही चालत नाही, हे सगळं एका पिशवीत घालू नका.

पालावरची_पोर

पिशवी तुम्हीच एक केलीत काका. तुम्ही म्हणालात माफी मागेपर्यंत. आमचे पंच पण तेच म्हणतात, शब्द सुद्धा तोच.

वकीलसाहेब_नाशिक

पुराव्याबद्दल. अडचण खरी आहे, बहिष्कार म्हणजे कुणी काही केलंय असं नसतं, सगळ्यांनी मिळून काही *न* करणं असतं, आणि न केलेलं कोर्टात दाखवायचं कसं? त्यामुळे कागद गोळा करा. मुंबईकर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी आगाऊपणा करून काहीतरी लिहिलेलं असतंच, स्क्रीनशॉट घ्या. सभेची वही असेल तर तिचा फोटो. कुणी दंड भरला असेल तर पावती. हो, लोक पावती फाडतात, मी स्वतः बघितलीय, "शिस्तभंग दंड" असं छापील कारण टाकून. आरोपपत्र दाखल झाल्यापासून ६ महिन्यांत खटला संपवायचा असं कायद्यात म्हटलंय. आणि तडजोडही करता येते, पण पीडिताच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने. म्हणजे तक्रार केली की गाव कायमचं तुटलं असं नाही, उलट अटी घालायची पाळी तुमची येते.

खाडीपलीकडचा

धन्यवाद सगळ्यांना. प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवले. विठ्ठलपंतांच्या गोष्टीवर गप्प बसले बराच वेळ, मग म्हणाले ते माळकरी आहेत वाटतं लिहिणारे.

व्हॉट्सॲप सापडलं. मंडळाच्या ग्रुपवरून मला काढलंय पण चुलतभाऊ आहे, त्याने घाबरत घाबरत पाठवलं: "सदर घराशी संबंध ठेवणाऱ्यावर कारवाई होईल, कृपया नोंद घ्यावी." खाली १४ अंगठे आणि तीन हात जोडलेले.

पुणेरी_मिसळवाली

कृपया नोंद घ्यावी!! काय सभ्यपणा.

दापोलीचा_आंबा

धागा वर काढतोय. शिमगा झाला. काय झालं पुढे?

खाडीपलीकडचा

सॉरी, तीन आठवडे गावाला होतो, रेंज नसते.

तक्रार केली. पोलीस ठाण्यात आधी "गावातला विषय गावात मिटवा" हे झालंच, पण वकीलसाहेबांनी लिहिलेलं सगळं कागदावर नेलं होतं, त्यामुळे अर्ज घेतला. दोन्ही बाजूंना बोलावलं. गावाने लेखी उत्तर दिलं ते वाचण्यासारखं आहे: कुणालाही वाळीत टाकलेलं नाही, ज्याला बोलायचं नाही तो बोलत नाही, आणि पालखी कुणाच्या घरी जायची ते देवीच्या कौलावर ठरतं, माणसाच्या हातात नाही. म्हणजे केलं कुणी, तर देवीने. बाबा त्यावर पहिल्यांदा चिडले. साहेबांसमोर म्हणाले, कौल लावलात तेव्हा गुरवाला नीट प्रश्न घातलात का, हिशेब द्यायचा की नाही हा पण कौल लावा. साहेब हसले. गुरव मान खाली घालून बसला होता, तो तसा चांगला माणूस आहे, त्याचंही घर गावकीच्या जमिनीवर आहे.

शेवटी शिमग्याला पालखी आली आमच्या दारात. दोन पोलीस होते बंदोबस्ताला. ढोल वाजत आला, पण वाजवणाऱ्या पोरांनी वर बघितलं नाही. आईने ओटी भरली. गाऱ्हाणं घातलं ते घाईघाईत, आमच्या कुळाचं नाव घ्यायचं विसरले की गाळलं माहीत नाही. फराळाला आई चार दिवस खपत होती, करंज्या, शंकरपाळ्या, पंगत बसेल एवढं. कुणी आत आलं नाही. पाणी सुद्धा घेतलं नाही. त्याला कायदा काय करणार.

आत्या आली. पालखीच्या मागून बायकांच्या घोळक्यात चालत होती, अंगणाशी थांबली आणि सरळ पायऱ्या चढून आत, माजघरात जाऊन बसली. आतेभाऊ बाहेरून हाका मारतोय, ये ये, ती येईना. चहा प्यायली. बशीत ओतून. म्हणाली ५,००० त्याने भरावेत, कमावतो ना. ती दोन तास बसली आणि आईशी फक्त मिरच्या कुणाकडून घेतल्या यावर बोलली.

गिरणी अजून बिघडलेलीच आहे.

गावकर_१९६८

आत्याबाईंना नमस्कार सांगा माझा.

आमच्या सभेत मी परवा विषय काढला, की वाळीत टाकायचं असेल तर आधी माणसाला बोलावून त्याचं ऐकायचं आणि मुदत घालायची, वर्षाच्या वर नाही. दोघं बाजूने होते. बाकीचे म्हणाले, तुमच्या घरात काय झालंय का?

भेंडीबाजारकर

दोघं म्हणजे बरेच झाले काका. मुदत सुद्धा नको, पण सुरुवात आहे.

खाडीपलीकडचा

एक राहिलं. काल मुंबईकर मंडळाच्या पोराने डोंबिवली स्टेशनवर गाठून वर्गणीची पावती दिली, ३०० रुपये. नाव माझं घातलंय, बाबांचं नाही. म्हणे आता तुमच्या पिढीपासून सुरू करू. मी पावती परत केली आणि म्हटलं नाव बदलून आण. आज संध्याकाळी घेऊन आला, बाबांच्या नावाने, खाडाखोड करून. फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांनी चष्मा लावून झूम करून बघितला असणार कारण दहा मिनिटांनी फोन आला, की पावतीवर नंबर नाहीये, पुस्तक छापील आहे ना, मग नंबर का नाही.

गावकीची सभा पंधरवड्यात आहे, बोलावणं आलंय. त्यांनी कपाटातून जुनी वही काढलीय, जीर्णोद्धाराच्या वर्षीची.

पालावरची_पोर

काकांना म्हणावं दोन पेनं न्या.